भूकंपग्रस्तांना तंबू सोडून ताडपत्र्या का देतात, आणि त्याही दोन का?

उदाहरण म्हणून नेपाळचा 2015चा भूकंप घेऊ. तिथे परदेशी मदत संस्थांनी बऱ्याच गावांत कुटुंबामागे दोन ताडपत्र्या दिल्या, ही काटकसर नव्हती.

25 एप्रिलला भूकंप झाला, सुमारे 5 लाख घरं जमीनदोस्त झाली आणि जूनमध्ये पाऊस सुरू होणार होता. काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. कुटुंबाचा तंबू 50 किलोच्या वर भरतो, ताडपत्री जेमतेम 5 किलो. गोरखा, सिंधुपाल्चोक या डोंगरी जिल्ह्यांत रस्ता संपला की सामान माणसाच्या पाठीवरून जातं, तिथे हा फरक फार मोठा. शिवाय ताडपत्रीला आधार म्हणून पडलेल्या घराचेच वासे वापरता येतात, आणि पुढे पत्रे मिळाले की तीच आडोशाला लागते.

दोन का, ते मापावरून कळेल. ताडपत्री 4 बाय 6 मीटरची. 2 मीटर उंचीवर आढं धरून ती दोन्हीकडे सोडली की खाली साधारण 18 चौरस मीटर जागा मिळते. स्फिअर मानकांप्रमाणे (आपत्तीतल्या मदतीचे आंतरराष्ट्रीय किमान निकष) माणशी किमान 3.5 चौरस मीटर हवी, म्हणजे पाच माणसं कशीबशी मावतात. पण पुढची-मागची बाजू उघडीच! दुसरी त्यासाठी, उरेल ती खाली अंथरायची.

बाजारातली पातळ निळी ताडपत्री मात्र पाठवू नका, उन्हाने काही आठवड्यांत तिच्या चिंध्या होतात. मदतीची ताडपत्री आतून काळ्या विणीची असते. रात्री आत दिवा लावला तरी कपडे बदलणाऱ्या बाईची सावली बाहेर दिसत नाही. माझ्या मते हा गुण जाडीइतकाच महत्त्वाचा आहे.

फाटते ती बहुधा बांधण्यातल्या चुकीने. ताडपत्रीच्या काठावरच्या कडीत दोरी ओवून जोरात ताणली की वाऱ्याने कडीच उपटून येते. त्याऐवजी काठाच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा गोल खडा ठेवायचा, त्यावर ताडपत्री गुंडाळायची आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोरी आवळायची. खिळा थेट ठोकू नका. वर लाकडी पट्टी घ्या, नाहीतर बाटलीचं पत्र्याचं झाकण. आढ्याच्या टोकांना चिंध्या गुंडाळा. उतार कमी ठेवलात तर पाणी साचून पोट सुटतं आणि सगळं खाली येतं. भोवती चर खणा, त्याला उताराकडे वाट द्या.

म्हणून नुसत्या ताडपत्र्या वाटणं हे अर्धवट काम. सोबत दोरी, खिळे, हातोडा, करवत, फावडं हवंच, आणि पहिल्या दिवशी गावात एक निवारा सगळ्यांसमोर उभारून दाखवायला हवा. चूल बाहेरच मांडा. हे प्लास्टिक पेटलं की वितळून अंगावर गळतं, त्यामुळे दोन निवाऱ्यांत त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. जागाच नसेल तरी 2 मीटरपेक्षा कमी नको.