वीज कंपनीच्या खासगी रुळांपलीकडे जमीन अडकली असेल, तर जाण्या-येण्याचा हक्क मागता येतो का?

आपल्या आजोबांनी चेंबूरकडील जमिनीची एक पट्टी वीज कंपनीला कोळशाच्या सायडिंगसाठी (मालगाड्या आत आणण्याच्या खासगी रुळांसाठी) दिली, मागचा तुकडा रुळांपलीकडे राहिला आणि आता कंपनीने फाटकाला कुलूप घातले, असे आपण लिहिले आहे. मी मुंबईत दिवाणी वकिली करतो.

१९८९ च्या रेल्वे कायद्यावर भिस्त ठेवू नका. शेजारच्या जमीनमालकांना क्रॉसिंग करून देण्याची कलम १६ मधली जबाबदारी सार्वजनिक वाहतुकीच्या रेल्वेवर आहे. कंपनीचे खासगी रूळ त्यात बसवणे अवघड आहे. आपला खरा आधार १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्या-येण्यासारख्या हक्कांचा कायदा. पट्टी विकल्यावर उरलेल्या तुकड्याला दुसरी वाटच राहत नसेल, तर खरेदीखतात तसा उल्लेख नसला तरी कलम १३ नुसार त्या पट्टीवरून जाण्याचा हक्क विकणाऱ्याकडे राहतो. मात्र मागच्या बाजूने पुढे रस्ता झाला असेल, तर गरज संपते आणि हक्कही संपतो; वळसा पडतो, ही सबब चालत नाही.

जमीन विकलेली नसून संपादित झाली असेल, तर आधी निवाड्याची, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या सरकारी आदेशाची, नक्कल काढा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचे तुकडे पडल्याबद्दलची भरपाईही धरली जात असे, आणि ती घेतलेली असल्यास कंपनीचे वकील तोच कागद पुढे करतील.

वीस वर्षांच्या वहिवाटीने वाटेचा हक्क मिळाला, असे सांगणे अनेकांना सोपे वाटते, पण दावे तिथेच फसतात. फाटकाच्या केबिनमध्ये दरवर्षी मिळणाऱ्या पासावर ‘परवानगीने’ असे छापलेले असेल आणि आपल्या माणसाने त्यावर सह्या केल्या असतील, तर ती वहिवाट हक्काची धरली जात नाही. शिवाय ती दाव्यापूर्वीच्या दोन वर्षांपर्यंत तरी चालू असावी लागते, म्हणून कुलूप लागल्यावर नुसत्या पत्रव्यवहारात वेळ घालवू नका.

हक्क सिद्ध झाला तरी सुविधाधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो कंपनीला कमीत कमी त्रास होईल असाच वापरावा लागतो, आणि २०१८ पासून पायाभूत प्रकल्पाच्या कामात अडथळा आणणारा मनाई हुकूम न्यायालयाला देता येत नाही. त्यामुळे चोवीस तास उघडे फाटक किंवा रेक (कोळशाची मालगाडी) थांबवण्याचा हुकूम मागणे, माझ्या मते, स्वतःच्याच दाव्याला सुरुंग लावण्यासारखे आहे. एकाच ठरलेल्या जागी, टेंपो जाईल इतक्या रुंदीचे क्रॉसिंग, रेक किंवा शंटिंग (डबे मागेपुढे हलवणे) नसताना उघडणारे फाटक आणि गेटमनचा खर्च वाटून घेण्याची तयारी, एवढेच मागा. मग वीजपुरवठा खोळंबेल ही कंपनीची ओरड फारशी टिकणार नाही. दाव्यासोबतच जागेची पाहणी करणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या, म्हणजे फाटक, रूळ आणि दुसरी वाट नसल्याची स्थिती पंचनाम्यावर येईल.