इंडोनेशियन मुलीशी लग्न केल्यावर तिथे राहायला आणि नोकरी करायला वेगळी परवानगी लागते का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळ नाशिकचे, सध्या नोकरीला सिंगापूरमध्ये, आणि पुढच्या वर्षी सुराबायाच्या मुलीशी लग्न करून तिथेच घर मांडायचा विचार आहे. लग्न झालं की तिथे राहता-कमावता येईल का, की वर्क परमिट लागेलच, असा तुमचा प्रश्न आहे.

मी वसईची. नवरा जावानीज कॅथलिक. 2013 मध्ये योग्यकर्तात आमचं लग्न झालं, तेव्हापासून मी इथेच आहे. सरळ उत्तर द्यायचं तर राहता येईल, स्वतःचा काही उद्योग करून कमावताही येईल. मात्र कुणाकडे पगारी नोकरी धरायची असेल तर तुमच्या मालकाला सरकारकडून परवानगी काढावी लागते. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

हे सगळं 2011 च्या इमिग्रेशन कायद्यावर, म्हणजे 6 नंबरच्या कायद्यावर उभं आहे. त्याआधी इंडोनेशियन बायकोला आपल्या परदेशी नवऱ्याची हमी घेता येत नसे. नवऱ्याला नोकरीच्या जोरावरच इथे राहावं लागे. नोकरी गेली की बायको-मुलं इथे आणि हा विमानतळावर. अशा कुटुंबांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले, तेव्हा कुठे हा कायदा झाला. तुम्ही नवरा म्हणून येणार आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सुरुवातीला बायकोच्या हमीवर कितास मिळतो, म्हणजे ठरावीक मुदतीचा राहण्याचा परवाना. हमीपत्र तीच लिहिते. त्यावर 10,000 रुपियाचा मतेराई, म्हणजे आपल्या रेव्हेन्यू स्टॅम्पसारखा तिकीट-स्टॅम्प, चिकटवायचा आणि सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर येईल अशी करायची. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा सही तिकिटाच्या शेजारी केली होती. खिडकीतल्या बाईंनी न बोलता कागद परत सरकवला आणि आम्ही पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात. तेव्हापासून आमच्या घरात मतेराईची चार तिकिटं कायम असतात.

लग्नाला 2 वर्षं झाली की कितपसाठी, म्हणजे कायम निवासासाठी, अर्ज करता येतो. त्यासोबत या समाजात मिसळून राहीन अशा अर्थाचं एक निवेदन सही करून द्यावं लागतं. कितप आधी 5 वर्षांचा असतो, मग वाढवला की बेमुदत होतो, फक्त दर 5 वर्षांनी कचेरीत हजेरी लावायची, तीही विनाशुल्क. घटस्फोट झाला तर तो रद्द होतो. लग्नाला 10 वर्षं पूर्ण झाली असतील तर टिकतो, पण नवा हमीदार शोधावा लागतो.

आता कामाचं. त्याच कायद्याचं कलम 61 असं म्हणतं की इंडोनेशियन नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला, कितास असो वा कितप, स्वतःच्या आणि कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी काम किंवा व्यवसाय करता येईल. मूळ शब्द आहेत ‘केबुतुहान हिदुप’, जगण्याच्या गरजा. मी या पानाची प्रत काढून, त्या ओळीवर पिवळी खूण करून कित्येक महिने पर्समध्ये बाळगली.

एका खासगी शाळेने मला इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. तासिका घेऊन दाखवली, पगार ठरला, मुख्याध्यापकांनी गणवेशाच्या कापडाचा रंगसुद्धा सांगितला. मग त्यांच्या हिशेबनिसाने विचारलं, आरपीटीकेए कोण काढणार? मी पिवळी ओळ पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, हे तुमच्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही. मला त्या दिवशी रडू आलं, पण त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. इमिग्रेशनचा कायदा तुम्हाला काम करू देतो. परदेशी माणूस नोकरीवर ठेवणाऱ्याने काय करायचं ते कामगार खात्याचा कायदा ठरवतो, आणि तो 2003 चा कायदा मालकाकडून परदेशी कामगार वापरण्याचा मंजूर आराखडा मागतो. तोच आरपीटीकेए. वर दरमहा 100 अमेरिकन डॉलर सरकारला भरायचे. शिवाय पद ठरावीक, मुदत ठरावीक. मनुष्यबळ विभागातली पदं तर परदेशी माणसाला बंदच. तुमची बायको इंडोनेशियन आहे म्हणून यातलं मालकाला काही माफ होत नाही.

मला हे आजही अन्यायाचं वाटतं. ज्या माणसाचं घर, मुलं, सासू-सासरे सगळं इथे आहे, त्याला दोन वर्षांसाठी आलेल्या कंपनीच्या साहेबाच्या रांगेत उभं करायचं! मोठ्या कंपन्यांना हा खर्च जाणवत नाही. लहान शाळा, दुकानं, छोटी हॉटेलं मात्र काढता पाय घेतात. तेव्हा मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत विचारून घ्या की आरपीटीकेए काढण्याची तयारी आहे का.

शेवटी मी घरीच शिकवण्या सुरू केल्या आणि जोडीला पराठे-चपात्यांच्या ऑर्डरी घेऊ लागले. कलम 61 नेमकं यासाठी आहे. व्यवसायाची नोंदणी नवऱ्याच्या नावावर केली, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योग इथल्या नागरिकांसाठी राखीव आहेत. परदेशी भागीदार म्हणून तुमचं नाव कंपनीत घालायला गेलात तर ती परदेशी गुंतवणुकीची कंपनी ठरते आणि 10 अब्ज रुपियांच्या वरची गुंतवणूक दाखवावी लागते. घरगुती धंद्यासाठी तो विचारच नको. आणि लग्नाआधी व्हिसा ऑन अरायव्हलवर येऊन होणाऱ्या सासऱ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणार असाल, तर तेही करू नका. त्या व्हिसावर काम चालत नाही. मुदत उलटली तर रोजचा 10 लाख रुपिया दंड असतो, 60 दिवसांच्या वर गेलं की हद्दपारी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकीची जमीन फक्त इंडोनेशियन नागरिकाला घेता येते. आणि 1974 च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर कमावलेलं सगळं नवरा-बायकोचं सामाईक. दोन्ही जोडून वाचा. तुमच्याशी लग्न झाल्यावर तुमच्या बायकोने स्वतःच्या पैशाने घर घेतलं तरी त्यात तुमचा वाटा धरला जातो, म्हणून तिलाच ते घेता येत नाही. आपल्याच देशात तिचा हक्क जातो, केवळ तुमच्याशी लग्न केलं म्हणून.

यावर उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार, नोतारिसपुढे, म्हणजे नोटरीपुढे, केलेला आणि लग्नाच्या नोंदीसोबत नोंदवलेला. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. एका इंडोनेशियन बाईंनी फ्लॅटचे पैसे भरले होते. नवरा परदेशी आणि करार नाही म्हणून बिल्डरने व्यवहार मोडला. त्या थेट इथल्या संविधान न्यायालयात गेल्या आणि 2016 मध्ये निकाल आला की असा करार लग्नानंतरही करता येईल. आम्ही तो निकालानंतर केला, कारण 2013 मध्ये आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या तीन वर्षांत सासऱ्यांना नवऱ्याच्या नावावर करायची होती ती भाताची खाचरं दिराच्या नावावर गेली. दीर चांगला आहे, पण नवरा त्या बांधावरून जाताना अजून गप्प होतो. तुम्ही लग्नाआधीच करार करा.

लग्नाच्या नोंदणीबद्दल एवढंच, की इथे लग्न धर्माप्रमाणे लागलं तरच वैध धरतात. मुस्लिमांची नोंद केयूएमध्ये, म्हणजे धार्मिक व्यवहारांच्या सरकारी कचेरीत, बाकीच्यांची चतातान सिपिलमध्ये, म्हणजे नागरी नोंदणी कचेरीत. धर्म वेगळे असतील तर हा विषय दोघांच्या घरी आत्ताच काढा, कारण 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांच्या नोंदीला परवानगी देऊ नका असं खालच्या कोर्टांना कळवलंय. लग्न भारतात लावलंत तर परतल्यावर 30 दिवसांत इथे कळवायचं असतं.

तुमच्याकडून लागतील ते कागद म्हणजे जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला, जो आपल्या भारतीय दूतावासाकडून घ्यावा लागतो. आमच्या वेळी जन्मदाखला मंत्रालय, दिल्ली आणि मुंबईतली इंडोनेशियाची वकिलात असा फिरला होता. जून 2022 पासून इंडोनेशिया अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा एकच सरकारी शिक्का, मानतो, त्यामुळे तुमचं एक चक्र वाचेल. पुढे इथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर.

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं. वडिलांचं नाव, आईचं नाव, ‘मुलगी’, बस्स. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत हे सर्रास आढळतं. इथल्या कारकुनाला ते काही केल्या पटेना, आणि नाव चढवून घ्यायला माझ्या भावाला नगरपालिकेत दीड महिना हेलपाटे घालावे लागले. तेव्हा आज नाशिकला घरी फोन करा आणि तुमचा दाखला कपाटातून काढून आईला वाचून दाखवायला सांगा.