परदेशातली नोकरी स्वीकारण्याआधी

पगाराच्या आकड्यावर भाळू नका, आधी भाडेकरार वाचा. परक्या शहरात पगाराचा मोठा वाटा घरभाडंच खातं, आणि नूतनीकरणाच्या वेळी ते किती वाढवता येईल हे करारात लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्या. शाळेची फी, आरोग्य विमा कोण भरणार, तेही लेखी हवं.

महागड्या शहरांच्या याद्या मात्र जपून वाचा. मर्सर या सल्लागार कंपनीच्या यादीत तुलनेचा आधार न्यूयॉर्क असतो, म्हणून स्थानिक चलन डॉलरपुढे वधारलं की दुकानातले भाव तेच राहूनही शहर वर चढतं. पगार त्याच चलनात असेल तर घाबरायचं कारण नाही. डॉलरमध्ये असेल तर ती वाढ थेट तुमच्या खिशातून जाते; पगाराची बोलणी करताना हे ठामपणे मांडा.