रग्बी लीग: सिडनीत खेळाडू व्हायचं, मग कोच

वय 27, पुण्यात सेव्हन्स (सात-सात जणांची रग्बी युनियन) खेळलोय, सिडनीला येऊन रग्बी लीग खेळायची आणि पुढे कोच व्हायचंय, असं तुम्ही लिहिलंय. स्पष्ट सांगतो. या वयात एनआरएलमध्ये, म्हणजे तिथल्या रग्बी लीगच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, खेळायची आशा धरू नका, पण कोचिंग पहिल्याच सीझनपासून सुरू करा. कोच ट्रेंट रॉबिन्सन यांचंच बघा, एनआरएलमध्ये ते मोजकेच सामने खेळले. पुढे फ्रान्समध्ये कॅटलन्स ड्रॅगन्सचे मुख्य कोच झाले आणि 2013 मध्ये एनआरएलमधल्या सिडनी रूस्टर्सला पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिलं.

सेव्हन्समधला वेग इथे उपयोगी पडेल, सवयी मोडाव्या लागतील. लीगमध्ये टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) पूर्ण झाला की चेंडूसाठीची झटापट संपते. पडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे ढकलतो. युनियन (सेव्हन्स त्यातलाच प्रकार) खेळलेल्याचा हात मात्र सवयीने चेंडूवर जातो आणि पेनल्टी बसते. दोन मार्कर (चेंडू ठेवणाऱ्याच्या अगदी समोर उभे राहणारे बचावपटू) सोडून बाकीच्या बचावाला दर वेळी 10 मीटर मागे जायचं असतं, असे सहा टॅकल. म्हणून निघण्याआधी हाच सराव करा: पोटावर पडा, उठा, 10 मीटर मागे, लगेच 10 मीटर पुढे. हे सहा वेळा, मग मिनिटभर विश्रांती, असे आठ सेट. दम लागला की मान खाली जाते, डोकं समोरच्याच्या चुकीच्या बाजूला अडकतं आणि दुखापत होते. कबड्डीत पट काढायची सवय असेल तर उत्तमच, फक्त आधी खांदा लागू द्या, मिठी त्यानंतर.

व्हिसाचं नीट बघा. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं आणि क्लबने सामन्याचे पैसे दिले तर तेही कामच. व्हिजिटर व्हिसावर असे पैसे घेऊच नका. 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी 462 हा वर्क अँड हॉलिडे व्हिसा आहे, वर्षाला 1000 जागा, निवड सोडतीने. खेळाडू-कोचसाठीच्या 408 ला क्लबचा पाठिंबा लागतो. तुमची ओळख होण्याआधी तो मिळणं अवघड. स्टुडंट व्हिसाच्या आरोग्यविम्यात फिजिओथेरपी सहसा नसते, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

सीझन मार्चच्या आसपास सुरू होतो, तेव्हा क्लबला नोव्हेंबरपर्यंत लिहा आणि त्याच पत्रात लहान मुलांचा संघ मागा. तिथे बहुतेक आई-वडीलच फुकट राबतात, हात कमीच पडतात. त्यासाठी न्यू साउथ वेल्सचा वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो. स्वयंसेवकाला तो मोफत, मुदत 5 वर्षं. पण मानधन सुरू झालं की पैसे भरून सशुल्क प्रकारात बदलून घ्यावाच लागतो. कोर्स आधी छोट्यांच्या खेळाचा करा, मग 13 वर्षांपुढच्यांचा. सुरुवातीला यावर घर चालणार नाही, दुसरी नोकरी धरूनच या.

एक गोष्ट आजच पाठ करा: मुलाच्या डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला धक्का) झालं, तर त्रास पूर्ण थांबल्यावर 14 दिवस टॅकलचा सराव नाही, आणि मार लागल्यापासून किमान 21 दिवस सामना नाही. फायनल असली तरी नाही.