विमानात प्रवाशांना परवान्याची बंदूक सोबत ठेवू द्यावी का?

नाही, देऊ नये. परवाना असला तरी नाही, निवृत्त फौजी असला तरी नाही. बंदुकीची भीती वाटते म्हणून मी हे म्हणत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाला लागून आमची शेती आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, गवे येतात. वडिलांच्या वेळेपासून घरात परवान्याची बंदूक आहे आणि ती कशी धरायची, कधी खाली ठेवायची हे मी लहानपणीच शिकलो.

अशी मुभा हवी म्हणणाऱ्या तुमच्यासारख्यांचा मुद्दा असा की कंदाहारसारखा प्रसंग आला आणि दोन-चार प्रवाशांकडं बंदुका असल्या तर अपहरणकर्ते जागेवरच आडवे होतील. असं वाटणं मी समजू शकतो. 1999 च्या डिसेंबरात कंदाहारला पळवलेल्या आयसी 814 या विमानात रूपिन कट्याल या तरुण प्रवाशाला मारलं, आठवडाभर माणसं कोंडून पडली आणि शेवटी मसूद अझरसह तिघा दहशतवाद्यांना सोडावं लागलं. ते आठवलं की आजही रक्त तापतं. पण त्या पाच अपहरणकर्त्यांना काठमांडूहून हत्यारं चोरून आत आणावी लागली होती, हे विसरू नका. बंदूक न्यायची मुभा असती तर त्यांना चोरी तरी कशाला करावी लागली असती? खोटा परवाना दाखवून ते रांगेत उभे राहिले असते.

आता आपल्याच देशातल्या दुसऱ्या दोन घटना बघा, ज्यांची अशा चर्चेत कुणी आठवण काढत नाही. 30 जानेवारी 1971 ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवलं गेलं. पळवणाऱ्यांकडं खेळण्यातलं पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब होता. 20 डिसेंबर 1978 ला लखनौहून दिल्लीला येणारं विमान दोन पांडे नावाच्या तरुणांनी वाराणसीला नेलं. इंदिरा गांधींची सुटका करा ही त्यांची मागणी. त्यांच्याकडंही खेळण्यातली पिस्तुलं आणि कापडात गुंडाळलेला क्रिकेटचा चेंडू. ‘गंगा’ पुढं लाहोरला जाळलं गेलं, पण दोन्ही घटनांत प्रवासी सुखरूप घरी आले.

त्या 1978 च्या विमानात शंभराहून जास्त माणसं होती. त्यातल्या दहा जणांच्या कमरेला खरी, भरलेली पिस्तुलं होती असं धरा. पुढं कुणीतरी खेळण्यातलं पिस्तूल उगारून ओरडतोय. मागून पहिला प्रवासी उठून गोळी झाडतो. चौथ्या रांगेतल्याला हा उठलेला माणूस अपहरणकर्त्यांचाच साथीदार वाटतो, म्हणून तो याच्यावर झाडतो. सहाव्या रांगेतल्याला हे दोघंही शत्रू वाटतात. चेंडूच्या धाकापायी किती जीव गेले असते? मला हा विचार सहन होत नाही.

रानात राखणीला दोघं बंदूकवाले असले तर कोण कुठल्या बांधाला बसणार ते उजेडी ठरतं आणि ठरलेली जागा कुणी सोडत नाही. खुसफुस झाली म्हणून लगेच बार काढायचा नसतो. आधी हाळी द्यायची, बॅटरी मारायची, मागं कुणाचं घर किंवा वाट आहे का ते बघायचं. एवढं करूनही राखणीत माणसं दगावतात. विमानात यातलं काय पाळणार? बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूला जाणाऱ्या लहान विमानात 70-80 माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. कुणी कुणाला ओळखत नाही. ज्याच्यावर नेम धरला त्याच्या मागं कायम कुणीतरी असतंच, आणि मागं सरायला जागा नसते.

एका बाबतीत मात्र सिनेमांनी लोकांच्या डोक्यात नको ते भरवलंय. गोळीनं भोक पडलं की विमान फुटतं आणि माणसं बाहेर ओढली जातात, असं होत नाही. बोटाएवढ्या भोकातून जाणारी हवा केबिनचा दाब राखणारी यंत्रणा भरून काढू शकते. अमेरिकेत 22 मार्च 2008 ला एका वैमानिकाचं पिस्तूल कॉकपिटमध्ये चुकून उडालं, गोळी विमानाचा पत्रा भेदून बाहेर गेली आणि विमान नीट उतरलं. खिडकी फुटली किंवा महत्त्वाच्या तारा तुटल्या तर गोष्ट वेगळी. पण मला त्या घटनेतलं खटकतं ते दुसरंच. ते पिस्तूल मुद्दाम प्रशिक्षण देऊन, सरकारी योजनेत वैमानिकाच्या हाती दिलेलं होतं. तरीही उडालं.

आणि सामान्य परवानाधारकांचं? त्याच अमेरिकेत 2023 साली विमानतळांवरच्या तपासणीत हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या. त्यातल्या सुमारे 93 टक्के भरलेल्या होत्या. बॅगेत राहिली, लक्षात नव्हतं, असं त्यातले कितीतरी जण सांगतात. भरलेलं पिस्तूल कुठं आहे हे ज्याला आठवत नाही, त्याच्या शेजारच्या सीटवर मी माझ्या मुलीला बसवणार नाही.

सगळा विचार दहशतवादाभोवती फिरतो, पण वैयक्तिक रागही तेवढाच जीवघेणा असतो. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात एका प्रवाशानं दोन्ही वैमानिकांना गोळ्या घातल्या, 44 जण गेले. 7 डिसेंबर 1987 ला तिथंच कामावरून काढलेल्या विमान कर्मचाऱ्यानं जुना साहेब ज्या विमानात होता तेच विमान गाठलं, चोरून आणलेल्या रिव्हॉल्व्हरनं त्याला मारलं आणि मग वैमानिकांना. 43 जण गेले. दोघांचाही कुठल्या संघटनेशी संबंध नव्हता. दारू, सीटवरून भांडण, घरातलं दुःख, हे सगळं घेऊनच माणूस विमानात चढतो.

मग संरक्षण कशानं होतं? कंदाहारनंतर 2000 पासून विमानतळांवर सीआयएसएफ आली, काही विमानांत साध्या वेशातले सशस्त्र स्काय मार्शल आले. 2001 नंतर जगभर कॉकपिटचे दरवाजे मजबूत झाले. आणि प्रवासी नि:शस्त्र असूनही हतबल नसतात. डिसेंबर 2001 मध्ये बुटात स्फोटकं घेऊन बसलेल्या रिचर्ड रीडला हवाई सुंदरी आणि प्रवाशांनी मिळून पकडलं, पट्ट्यांनी बांधून ठेवलं. त्या विमानात कुणी गोळीबार सुरू केला असता तर काय झालं असतं, सांगा.

आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांना तर परवान्याला हद्द असते हे वेगळं शिकवावं लागत नाही. माझा परवाना कर्नाटकापुरता. बहीण महाराष्ट्रात चंदगडला दिली आहे, पण शिनोळीची सीमा ओलांडून तिच्याकडं जाताना बंदूक घेतली तर तो गुन्हा. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. 2023 ला विधानसभेवेळी केली, 2024 ला लोकसभेवेळी केली. त्या दिवसांत डुकरं पीक तुडवतात, नुकसान आमचंच होतं, तरी आम्ही जमा करतो. कारण तापलेल्या वातावरणात घरोघर बंदूक असू नये हे पटतं. 35 हजार फुटांवर तर ते दुपटीनं पटायला हवं.

नेमबाजीचे खेळाडू किंवा बदलीवर निघालेले लोक यांची अडचण खरी आहे, आणि त्यासाठी वाट आहे. विमान कंपनीला आधी कळवायचं, वेळेच्या बरंच आधी पोचायचं, मूळ परवाना दाखवायचा, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून द्यायची. बंदूक बंद पेटीत, काडतुसं वेगळी बांधून, दोन्ही विमानाच्या पोटात जातात. आंतरराष्ट्रीय नियमात काडतुसांची मर्यादा माणशी 5 किलो आहे. काही कंपन्या शस्त्र घेतच नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधीच विचारा. परवान्याची हद्द उतरायच्या राज्यात लागू आहे का, तेही बघा.

आणि आमच्या भागातल्या मंडळींना हात जोडून एक विनंती. राखणीला नेता ती पिशवी, ते जाकीट विमानप्रवासाला वापरू नका. एक विसरलेलं काडतूस हातातल्या सामानात सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ते तुमच्याकडं आहे याची जाणीव तुम्हाला होती का, हे न्यायालय बघतं, आणि नकळत राहिलं असेल तर असे गुन्हे रद्दही झालेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, नोकरीची मुलाखत किंवा दवाखान्याची तारीख चुकलेली असते आणि वकिलाकडं हेलपाटे सुरू झालेले असतात. निघायच्या आदल्या रात्री अस्तराच्या आतले खिसेसुद्धा उलटे करून झटका.