परतीच्या मालाचा हिशेब

सांगली

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. रिव्हर्स लॉजिस्टिक्समधले, म्हणजे वापरलेला माल ग्राहकाकडून परत आणण्यातले बारा अडथळे, पंधरा तज्ज्ञ आणि एएचपीने (दोन-दोन पर्यायांची तुलना करून महत्त्व ठरवण्याच्या पद्धतीने) लावलेली क्रमवारी. पद्धत चुकीची नाही. तज्ज्ञांच्या तुलना एकमेकींशी किती जुळतात हे सांगणारं सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या आत राहिलं तर परीक्षकही हरकत घेणार नाहीत. पण त्यातून 'जागरूकतेचा अभाव पहिला, खर्च दुसरा' एवढंच निघेल, आणि तेही पंधरा जणांचं मत म्हणून. त्यावरून ना दुकानदार काही बदलेल, ना कृषी खातं. संशोधनाचा प्रभाव कसा वाढवायचा, असं तू विचारतेस. माल किती गेला, किती परतला आणि उरलेला कुठे अडकला, हे आधी मोज.

त्यासाठी तासगाव-कवठेमहांकाळ-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांत वापरल्या जाणाऱ्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या घे. कीटकनाशक नियम, १९७१ मधल्या नियम ४४ मध्ये वापरलेल्या वेष्टनांच्या विल्हेवाटीची तरतूद आहे. प्लॅस्टिक वेष्टनांवरची उत्पादकांची विस्तारित जबाबदारीही २०२२ पासून लागू आहे. पण त्या व्यवस्थेतलं प्रमाणपत्र पुनर्वापर झालेल्या प्लॅस्टिकचं वजन सांगतं. तासगावच्या बांधावरची बाटली त्यात होती की नाही, हे त्यावरून कळत नाही. तुझ्या कामाला जागा आहे ती इथेच.

चार-पाच कृषी सेवा केंद्रांना भेट आणि बिलबुकातून मापानुसार विक्री उतरवून घे: १०० मिलि, २५०, ५००, १ लिटर, ५ लिटर. प्रत्येक मापाच्या दहा धुतलेल्या, कोरड्या बाटल्या १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोल आणि सरासरी काढ. हातमोजे घालूनच, आणि घरातला काटा वापरू नकोस. बुचं वेगळी तोल, कारण बाटलीचं आणि बुचाचं प्लॅस्टिक बहुधा वेगळं असतं. विकलेले नग गुणिले सरासरी वजन, हा झाला गेलेला माल. भंगारवाल्याच्या काट्यावरचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नकोस. त्यात पाणी, माती आणि तळाशी उरलेलं औषधही येतं. वीस-तीस बाटल्या धुण्याआधी आणि धुऊन वाळवल्यावर तोललीस की किती वजा करायचं ते कळेल.

वेळ चुकली तर सगळंच चुकेल. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते आणि तिथून डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीनं फवारण्या दाट होतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचं चित्र निराळं असतं. मे महिन्यात विचारलेल्या प्रश्नांवरून वर्षाचा अंदाज बांधू नकोस.

छेदाकडेही लक्ष दे. यंदा परतलेला माल भागिले यंदाची विक्री, हे सूत्र सोपं दिसतं म्हणून वापरलं जातं. चार वर्षं टिकणाऱ्या बॅटरीची विक्री दर वर्षी १० टक्क्यांनी वाढत असेल, तर एकूण एक बॅटरी परत आली तरी उत्तर जेमतेम ६८ टक्के येतं. आज परतणाऱ्या बॅटऱ्या चार वर्षांपूर्वीच्या कमी विक्रीतल्या असतात; १ भागिले १.४६४१ (१.१ चा चौथा घात) करून बघ. बाटलीचं आयुष्य लहान, तरी ती गोठ्यात पडून राहते. म्हणून दुकानातून बाहेर पडतानाच पाचशे बाटल्यांवर क्रमांकाची चिकटपट्टी लाव आणि त्याच बाटल्यांचा हंगामभर माग ठेव.

शेतकऱ्याला 'बाटल्या परत देता का?' असं विचारू नकोस. सगळे हो म्हणतात. 'मागच्या फवारणीच्या बाटल्या आता कुठे आहेत?' असं विचार आणि जाऊन बघ. जाळलेल्या, ओढ्यात टाकलेल्या, भंगारात गेलेल्या, घरात डिझेल-पाण्याला ठेवलेल्या, असे रकाने वेगवेगळे कर. ५ लिटरचे कॅन शेवटच्या रकान्यात जास्त सापडतील, आणि धोका तिथेच सर्वांत मोठा. भंगारात गेलेला आकडा मोठा आला म्हणून खूश होऊ नकोस: महागड्या औषधाच्या अखंड बाटलीत बनावट माल भरला जाऊ शकतो. म्हणून बाटली एक चतुर्थांश पाण्यानं भरून ३० सेकंद हलवायची, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, असं तीनदा करून तळाला भोक पाडायचं. हे केलेलं आहे का, याचाही रकाना हवा.

बाटली परत आणल्यावर मिळणारी अनामत रक्कम सुचवणार असशील तर उधारीचा विचार कर. द्राक्षं विकल्यावर खातं मिटवणाऱ्या माणसाला वहीत लिहिलेले बाटलीमागचे पाच रुपये जाणवणारच नाहीत. काही दुकानांत परतीवर रोख, काहींत खात्यात वजावट, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी कर. चार-पाच दुकानांवरून फरक सिद्ध होणार नाही. ही चाचणी करायची तर दुकानं वाढवावी लागतील.

पर्यावरणाचा हिशेब काढताना वाहतूक विसरू नकोस. लिटरला १० किलोमीटर जाणारा टेम्पो बाटल्यांसाठी ४० किलोमीटर वाकडी वाट करून गेला, तर ४ लिटर डिझेल, म्हणजे साधारण १०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. न चेपलेल्या बाटल्यांनी गाडी वजनाआधी आकारमानानंच भरते, त्यामुळे किलोमागे हा भार फुगतो. पण माल उतरवून रिकामा परतणारा टेम्पो वापरलास तर फक्त जादा किलोमीटर मोज.

एच-इंडेक्सची, म्हणजे संशोधकाचे किती लेख किती वेळा उद्धृत झाले यावरून काढलेल्या आकड्याची काळजी आत्ता नको. २००५ मध्ये हर्श यांनी सुचवलेला हा आकडा वय वाढतं तसा वाढतो, कमी कधी होत नाही. मोजलेला तक्ता मात्र डीओआयसह (कायमच्या ओळख-क्रमांकासह) झेनोडो या खुल्या संशोधन-संग्रहावर ठेव, संशोधकाची ओळख सांगणारा ऑर्किड (ORCID) क्रमांक काढ, आणि पैसे मागून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. दोन पानी मराठी गोषवारा दुकानदारांना आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना दे.

दुकानदारांची लेखी संमती सप्टेंबरच्या आत घे. वजनांचा तक्ता झाला की आधी तेवढाच पाठव. प्रश्नावली त्यानंतर बघू.

तुझा,
मार्गदर्शक