माणसांशी बोलताना भावना दाखवणारा ह्युमनॉइड रोबोट कसा डिझाइन करतात?

चेहरा हुबेहूब माणसाचा करायच्या मागे लागू नका. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच सांगितलं होतं की रोबोट जवळजवळ माणसासारखा दिसू लागला, पण पूर्ण तसा झाला नाही, की तो आवडेनासा होतो, अंगावर शहारा येतो.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सिंथिया ब्रझील यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बनवलेला ‘किस्मेट’ हा रोबोट जरूर अभ्यासा. नुसतं डोकं, त्वचाही नाही. फक्त मोठे डोळे, भुवया, कान आणि ओठ. तरी लोक त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे! तो शब्दांचा अर्थ समजत नव्हता, आवाजातलं कौतुक किंवा रागावणं ओळखायचा. आत काही मूळ चेहरे होते, पण तो त्यातला एकच जसाच्या तसा निवडत नव्हता. उत्तेजना किती, अनुभव सुखद की त्रासदायक, समोरच्याकडे झुकायचं की मागे सरायचं, या तीन मापांच्या मिश्रणातून भाव उमटायचा, म्हणून बदल सलग वाटायचा.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वेळ. संभाषणात माणसं साधारण ०.२ सेकंदात प्रतिसाद देतात. उशिरा आलेलं हसू खोटंच वाटतं. त्यामुळे चेहरा हलवणाऱ्या मोटर वाढवण्याआधी नजर आणि मान वेळेवर वळते का, ते तपासा.